सव्वा महिन्याचा पगार कोणी द्यायचा?

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. अवसरी बुद्रुकमध्ये लेक सातव्या महिन्याची ओटी भरून आली की आईची धांदल सुरू होते. डिंक, खारीक, अळीव आणायचं, जुनी लुगडी धुऊन मऊ करून ठेवायची, बाजेची सुंभं ताणून घ्यायची. सव्वा महिना तिने कामाला हात लावायचा नाही, हा घरातला कायदाच. आंबेगाव तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून मी सगळी नोकरी केली. बंद खोलीत शेगडीचा धूर नको, बाळाला घुटी नको, पहिलं चिकाचं दूध टाकू नका, यावरून मी अनेक सासवांशी आणि आयांशी वाद घातले. त्या सव्वा महिन्यावरून मात्र कधी वाद घातला नाही. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्यामागेही तोच हिशेब आहे.

या विश्रांतीला पैसा लागतो. पूर्वी तो घरच्या कणगीतून यायचा आणि तिचं काम आई, वहिनी, जावा वाटून घ्यायच्या. आज घर तिच्या मजुरीवर किंवा पगारावरही चालतं. म्हणून बाळंतपणाची पगारी रजा हा साऱ्या गावाचा प्रश्न झाला आहे. रजा असावी की नसावी, यावर आता फारसं कोणी भांडत नाही. खरा वाद आहे तो दोन गोष्टींवर: पैसे कोणी द्यायचे, आणि कोणाकोणाला द्यायचे.

एका हिवाळ्यातली तीन बाळंतपणं

एका हिवाळ्यात माझ्या भेटींच्या यादीत तीन बाळंतिणी होत्या. पहिली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला १८० दिवसांची पूर्ण पगारी रजा मिळाली. बाळाला सहा महिने निव्वळ अंगावर पाजलं, लसी वेळेवर झाल्या, वजनाची रेघ कार्डावर सरळ वर चढत गेली.

दुसरी रांजणगावच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होती. पाचवा महिना लागल्यावर ठेकेदाराने तिला सांगितलं, ‘आता घरीच थांबा, नंतर बघू.’ मी तिची पगाराची पावती मागून घेतली आणि ओट्यावर बसून वाचली. दर महिन्याला ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात होत होती. म्हणजे २६ आठवड्यांच्या प्रसूती लाभाचा तिचा हक्क बनत होता आणि तिला ते कोणीच सांगितलं नव्हतं. पण मधल्या काळात ठेकेदार बदलले होते, प्रत्येकाने नवा विमा क्रमांक काढला होता. तिच्या नवऱ्याने खेटे घालून ते क्रमांक एकत्र जोडून घेतले. पैसे हातात पडले तेव्हा बाळ रांगायला लागलं होतं. ती मात्र त्याआधीच दुसऱ्या ठेकेदाराकडे कामावर रुजू झाली होती.

तिसरी ऊसतोडीला आलेली, बीड जिल्ह्यातली. डिंभे धरणाचं पाणी आल्यापासून आमच्या भागात ऊस वाढला. पारगावला भीमाशंकर आणि जुन्नरला विघ्नहर हे सहकारी साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात आणि मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. या बाईची प्रसूती सरकारी दवाखान्यात झाली आणि तिसऱ्या दिवशी ती कोपीत परतली. मी वजनकाटा घेऊन सातव्या दिवशी गेले तर कोपीत कोणी नव्हतं. फडावर गेले. सरीच्या कडेला बैलगाडीच्या आडव्या दांड्याला लुगड्याची झोळी बांधलेली, त्यात बाळ. वजन दोन किलोला थोडं कमी. ती वाकून मोळ्या बांधत होती. बाळाला कोपीत का ठेवलं नाही, असं विचारण्यात अर्थ नव्हता. उसात बिबट्या असतो आणि कोपीला दार नसतं. विश्रांती घे म्हटल्यावर ती म्हणाली, ‘बाई, झोपून कसं भागंल? माझं हात थांबलं की ह्यांचं बी काम थांबतंय. उचल कवा फिटायची?’

ऊसतोडीत मजुरी जोडप्याला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या नावावर असते. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते. ती आडवी झाली की त्याचाही कोयता अर्धा होतो, आणि कामावर न गेल्याच्या दिवसाचा खाडा वर कापला जातो. खाड्याच्या भीतीचं टोक २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. जिला पाळीचा दिवससुद्धा परवडत नाही, तिला सव्वा महिना कुठून परवडणार?

मुंबईने घालून दिलेली वाट

देशात या हक्काची सुरुवात मराठी माणसांनीच केली, याचा मला अभिमान आहे. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. त्या परिषदेने बाळंतपणाच्या रजेचा करार केला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की हा पैसा सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावा. ना. म. जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं. ते नामंजूर झालं.

पुढचं पाऊल मुंबईत पडलं. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांसाठी असंच विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा. हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण ज्या मालकाला बाईच्या श्रमातून फायदा होतो, त्यानेही आपला वाटा द्यायलाच हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला हा पहिला.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा केंद्रीय कायदा आला, १२ आठवड्यांची रजा देणारा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि या तरतुदी आता तिच्यात आहेत. ईएसआयसीखाली न येणाऱ्या ठिकाणी या २६ आठवड्यांचा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा आहे.

मालकाचंही ऐकून घेऊ

मंचरमध्ये दहा-बारा माणसं कामाला ठेवणारे व्यावसायिक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांतला एक भला माणूस म्हणाला, ‘ताई, सहा महिने तिचा पगार द्यायचा, तिच्या जागी दुसरी बाई ठेवून तिलाही द्यायचा, हे मला झेपत नाही. म्हणून मी लग्न झालेली मुलगीच घेत नाही.’ तो खरं बोलला म्हणून मी त्याचे आभार मानले. सगळा बोजा एकाच्या माथी मारला तर तो मालक बाईला दारातूनच परत पाठवतो, आणि रजेचा कायदा तिच्या नोकरीवर उलटतो. केंद्राच्या कामगार खात्यालाही हे कळलं होतं. २०१८ मध्ये त्याने असा प्रस्ताव पुढे आणला की कमी पगाराच्या महिलांच्या रजेतल्या सात आठवड्यांचा पगार सरकारने मालकाला परत द्यावा.

यावर उपाय नवा शोधायला नको. कर्मचारी राज्य विम्याचा कायदा १९४८ मध्येच झाला. महिन्याला २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि हे पैसे पुरुष-बाई न बघता प्रत्येकामागे जमा होतात. बाळंतिणीचा पगार या सामाईक पेटीतून येतो. मग बाई ठेवली म्हणून मालकाचा एक रुपया जास्त जात नाही. अशी पेटी सगळ्यांसाठी हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारातही मूळ तत्त्व हेच आहे.

बापाचं काय?

बाळाच्या बापाबद्दल आपण फार कमी बोलतो. केंद्र सरकारच्या नोकरीत त्याला १५ दिवसांची रजा आहे. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नाही. हिंगोलीचे दिवंगत खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं होतं. त्यात १५ दिवसांची, पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारी रजा सुचवली होती, आणि त्यासाठी कामगार, मालक व केंद्र सरकार या तिघांच्या वर्गणीतून निधी उभारायची सूचना होती. डिसेंबर २०२५ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीही पित्याच्या रजेचं खासगी विधेयक मांडलं. स्वीडनने १९७४ मध्येच आईच्या रजेऐवजी दोघांची रजा आणली. तिथे आज एका मुलामागे ४८० दिवस मिळतात, त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव असतात, आणि पैसे सामाजिक विम्यातून येतात.

‘पुरुष घरी बसून काय करणार?’ हा प्रश्न मी पारावर अनेकदा ऐकला. आज कुटुंबं लहान झाली आहेत. चाकणला खोली करून राहणाऱ्या जोडप्याकडे सव्वा महिना थांबायला सासू शेतातून मोकळी होत नाही, आणि आईही. रात्री अंगावरून जास्त जात असेल, ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर ते ओळखून दवाखान्यात न्यायला दुसरं जागं माणूस घरात लागतं. ते माणूस म्हणजे बाप. ऊसतोडीच्या फडावर तर हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथे मजुरीच दोघांची एक आहे, मग रजाही दोघांची मिळून धरायला हवी.

सत्तावीस रुपये

जिला मालक नाही, कार्ड नाही, पावती नाही, तिच्यासाठी आज काय आहे? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हे अर्ज मी स्वतः भरून घेतले आहेत, आणि त्या पैशाने घरात आलेलं दूध-अंडी पाहिली आहेत, म्हणून या योजनेला मी कमी लेखत नाही. पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला होता, पहिली-दुसरी असा फरक न करता. आणि ५,००० रुपये २६ आठवड्यांवर पसरले तर दिवसाला सत्तावीस रुपये पडतात. सत्तावीस रुपयांसाठी कोणती मजूर बाई कामाचा दिवस सोडेल?

सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या खटल्यात रोजंदारीवरच्या महिलांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, असा निकाल दिला. सामाजिक सुरक्षा संहितेतही असंघटित कामगारांसाठी आरोग्य आणि प्रसूती लाभाच्या योजना करण्याची तरतूद आहे. कागदावर वाट आहे. फडापर्यंत ती न्यायची आहे.

ऊसतोड महिलांपासून सुरुवात करा, असं मी म्हणते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून घ्यायचं ठरलेलं आहे. राज्यात अलीकडच्या हंगामांत आठ कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. दिवसाला ३०० रुपये धरले तर २६ आठवड्यांचे एका बाळंतिणीला ५४,६०० रुपये होतात. म्हणजे या निधीतले फक्त ५० कोटी रुपये बाजूला काढले तर नऊ हजारांवर बाळंतिणी घरी राहू शकतील. वसतिगृहं, विमा, शिक्षण या गरजाही त्याच निधीतून भागवायच्या आहेत, पण बाळंतिणीचा वाटा त्यात आधी राखून ठेवावा.

गरोदर बाईची नोंद आरोग्य खात्याकडे आणि अंगणवाडीत बाराव्या आठवड्याच्या आत व्हावी, हा आमच्या कामाचा नियमच आहे. बँकेचं खातं मातृवंदनेमुळे उघडलेलं असतं. वर्गणी गोळा करायची रीत ठरलेली आहे. गाव सोडून टोळी निघाली तरी नोंदीचा क्रमांक तिच्यासोबत चालतो. आरोग्यसेविकेने, आशाताईने करायचं ते काम झालेलं आहे. येत्या हंगामाची उचल वाटली जाण्याआधी शासनाने आणि कारखान्यांनी आपलं काम करावं. मग दिवस भरत आलेली बाई टोळीबरोबर निघायचं की घरी थांबायचं, हे पैशाच्या भीतीवाचून स्वतः ठरवू शकेल.