पहिला ट्रेक? चला चिरनेरला!

कॉलेजच्या ग्रुपवर ट्रेकचा विषय निघाला की पहिलं नाव येतं सांदण दरीचं. साम्रदजवळची ती अरुंद घळ, दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ... रीलमध्ये भारीच दिसते! पण जो रोज स्टेशनचा जिनाही टाळून सरकत्या जिन्याने जातो, त्याने सुरुवात तिथून करू नये. सांदण कुठे पळून जात नाही. आधी उरण तालुक्यातल्या चिरनेरला या.

उरणपर्यंत जानेवारी २०२४ पासून लोकल आली आहे. पुढे एसटी किंवा रिक्षा. गावात कुणालाही ‘अक्कादेवी कुठे?’ विचारा, डोंगराकडे बोट दाखवतील. झाडीतली वाट, ओढा, त्यावरचा बंधारा. दोरबीर काही लागत नाही. चांगली पकड असलेले बूट, दोन लिटर पाणी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पुरे. चपला घालून आलेला एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला आदल्या रात्रीच फोन करा.

पावसाळ्यात ओढा सुंदर दिसतो आणि तेव्हाच तो फसवतो. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी फारसं मुरत नाही, उतारावरून थेट खाली येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असेल, वर डोंगरात पाऊस कोसळत असेल. ॲरिझोनाच्या वाळवंटात अँटेलोप कॅन्यन नावाची घळ आहे. १२ ऑगस्ट १९९७ ला तिथे असाच अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. पाऊस मुख्यतः पडला होता तो कित्येक किलोमीटर लांब, वरच्या बाजूला. तेव्हा पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा वाहायला लागला किंवा आवाज वाढला, की फोटो अर्धवट सोडून काठावर या. पलीकडे अडकलात तर पाणी ओसरेपर्यंत तिथेच बसा. घरी उशीर झाल्याची बोलणी खाल्लेली परवडतात. पहिल्यांदाच जात असाल तर सरळ दिवाळीनंतर जा. ओढ्याला पाणी कमी असेल, पण वाट कोरडी मिळेल.

आणि या जंगलात नुसतं चालून परत येऊ नका. लाकूडफाटा आणि गवत यांवर इंग्रजांच्या जंगल कायद्याने बंधनं घातली, तेव्हा २५ सप्टेंबर १९३० ला आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी कोयते घेऊन अक्कादेवीच्या याच रानात शिरले होते. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले, मामलेदार जोशीही गोळी लागून मेले. पुढे खटला चालला तेव्हा आरोपींच्या बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरही उभे राहिले. मेलेल्यांत चिरनेरचे नवश्या कातकरी होते, दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे होते. शाळेच्या पुस्तकात तुम्ही-आम्ही ‘जंगल सत्याग्रह’ दोन ओळींत उरकलेला असतो. इथे त्या ओळींना गावं आहेत, आडनावं आहेत.

उतरल्यावर गावातल्या हुतात्मा स्मारकापाशी थांबा, सगळी नावं वाचा. कदाचित तुमच्याच वर्गातलं एखादं आडनाव सापडेल. महागणपतीचं देऊळही गावातच आहे. मात्र परतीची एसटी किती वाजता, ते सकाळी उतरतानाच विचारून ठेवा.