माशासाठी माशी, तीही स्वस्तात

हातानं करायची गोष्ट तोंडानं सांगायची, म्हणजे पंचाईतच. त्यातून विषय असा, की नाव ऐकताच लोक हसतात. काही उद्योग न करणाऱ्या माणसाला आपण 'माशा मारतो' म्हणतो. मी रविवारी माशा बांधतो, म्हणजे त्याच्याही एक पायरी पुढे गेलो, असं आमच्या थोरल्या भावाचं मत आहे.

तर आधी माशी म्हणजे काय ते सांगतो. इंग्लंडमध्ये ट्राउट नावाचा मासा आहे. तो थंड, वाहत्या पाण्यात राहतो आणि पाण्यातले किडे खातो. गांडूळ किंवा कणकेची गोळी न लावता, गळावरच दोरा, पिसं, लोकर गुंडाळून किड्यासारखं काहीतरी तयार करायचं आणि त्याला फसवायचं, हा तिथला शेकडो वर्षांचा छंद. त्या बनावट किड्याला 'फ्लाय' म्हणतात. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा नव्हे, त्याच्याही आधीचा, रोमन काळातला एलियन नावाचा लेखक मॅसिडोनियातले कोळी गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधतात, असं लिहून गेला आहे. म्हणजे मूळ सामान काय, तर लोकर आणि कोंबडा. हे लक्षात ठेवा.

मी 2003 साली नोकरीसाठी विल्टशर परगण्यात राहायला गेलो. जवळून एव्हन नदी वाहते. चुनखडीच्या टेकड्यांतून झिरपून आलेलं तिचं पाणी इतकं स्वच्छ, की पुलावरून तळाचे खडे मोजावेत. गावातल्या क्लबाची वर्गणी भरली, सरकारी परवाना काढला, जुनी काठी मिळवली. तयार माशी तेव्हा दीड पौंडाच्या आसपास पडायची. मी मनात त्याचे रुपये करायचो आणि घाबरायचो. पहिल्या दिवशी चार माशा झाडांना अर्पण केल्या. मग हिशेब केला, की घरीच बांधू, पैसे वाचतील.

इथेच नवखा माणूस फसतो, तसाच मीही फसलो. चाळीस पौंड देऊन एक पेटी घेतली. तिच्यात वीस पाकिटं रंगीत पिसं, चकचकीत धागे, कसले कसले केस. गळ धरायचा छोटा व्हाइसही होता. सुताराच्या व्हाइसचंच ते चिमुकलं पिल्लू. त्याच्यावर 'मेड इन इंडिया' कोरलेलं पाहून ऊर भरून आला. पण गळ त्यात ठरेना. दोरा ओढला की घसरायचा. महिन्याभरात एकही माशी धड झाली नाही.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. त्यांनी माझी पेटी पाहिली आणि ती हळूच मिटवून ठेवली. म्हणाले, एकच माशी शिक, पण तीच पन्नास वेळा बांध. आणि खिशातून एक तपकिरी पीस काढलं.

ती माशी फ्रँक सॉयर यांची. सॉयर हे याच एव्हन नदीचे राखणदार. नदी साफ ठेवणं, गवत कापणं, मासे सांभाळणं हे त्यांचं काम. त्यांचं 1958 सालचं निम्फवरचं पुस्तक या छंदातलं मोठं पुस्तक मानतात. निम्फ म्हणजे किड्याची पाण्यातली बाल्यावस्था. पंख फुटून बाहेर आलेला मे-फ्लाय जेमतेम एखादा दिवस जगतो, पण त्याआधी तो महिनोन् महिने तळाशी काढतो. ट्राउटचं बहुतेक जेवण तिथेच, पाण्याखाली होतं. सॉयर तासन्‌तास काठावर बसून ते पाहत. त्यांच्या लक्षात आलं, की पोहताना निम्फ पाय अंगाशी चिकटवून घेतो. मग माशीला पाय कशाला हवेत? त्यांनी दोनच वस्तू ठेवल्या : फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची बारीक तार. दोरासुद्धा नाही.

फेझंट हा कोंबड्याच्याच कुळातला. इंग्लंडमध्ये शिकारीसाठी तो लाखोंनी पाळून सोडतात आणि हिवाळ्यात खाटिकाकडे त्याच्या शेपट्या कचऱ्यात जातात. मागितल्या तर खाटीक हसत देतो. एका पिसात दोन-तीन डझन माशा होतात. तार मोडक्या ट्रान्सफॉर्मरमधली, केसापेक्षा किंचित जाड.

आता नीट ऐका. गळ घट्ट धरा. त्याच्यावर तारेचे वेढे द्या आणि पुढच्या अर्ध्या भागात थोडे जास्त देऊन कुबड करा. हे कुबड म्हणजे किड्याची छाती, आणि त्याच वजनानं माशी बुडते. तार मागे आणून तिथे पिसाचे चार तंतू बांधा. त्यांची टोकं दोन-तीन मिलिमीटर मागे राहू द्या, ती शेपटी. मग तंतू आणि तार एकत्र पिळून पुढे गुंडाळत या. गळाच्या डोळ्यापाशी पोचलात की दोन्ही सुटे करा, तंतू कुबडावरून मागे न्या, तारेच्या वेढ्यानं दाबा, पुन्हा पुढे आणा, पुन्हा दाबा. शेवटी तारेचे दोन-तीन फास. झाली माशी. पहिली मेलेल्या झुरळासारखी दिसेल. माझीही तशीच होती. हात बसला, की पाच मिनिटांचं काम.

पैसे कुठे घालावेत? गळावर. स्वस्त गळ वाकतो आणि मासा जातो. टोकदार लहान कात्रीवर. तिनं तार मात्र कधी कापू नका, त्याला जुनं नेलकटर आहे. जमला तर बऱ्यापैकी व्हाइस घ्या, घसरता व्हाइस हात बिघडवतो. बाकी काहीही विकत घेऊ नका. पीस धरायला कपड्यांचा चिमटा, गाठ सरकवायला रिकामी रिफील, आणि पुढे दोऱ्याच्या माशा बांधू लागलात तर गाठ पक्की करायला पारदर्शक नेलपॉलिश.

सॉयर यांची आणखी एक माशी आहे, 'किलर बग'. ती तर तार आणि लोकर एवढ्यावरच होते. लोकर कुठली, तर चॅडविक्स कंपनीची 477 क्रमांकाची, मोजे रफू करायची. पुढे ती निघायची बंद झाली आणि शौकीन लोक तिच्या उरलेल्या कार्डांवर उड्या मारू लागले. मोजे शिवायच्या लोकरीला हा मान! मासे मात्र दुसऱ्या लोकरीलाही तसेच येतात, हे मी पाहिलं आहे.

शौकाचं टोक याहून वाईट आहे. व्हिक्टोरियन काळात सामन माशासाठी देशोदेशींच्या पक्ष्यांची पिसं वापरून नटव्या माशा बांधत. त्या तशाच बांधायच्या वेडापायी 2009 साली ट्रिंगच्या निसर्गसंग्रहालयातून एका तरुणानं 299 पक्ष्यांची कातडी चोरली. त्या माशांतलंच एक पीस दुकानात पाहून मी थबकलो होतो. काळं-करडं, त्यावर मेणाच्या थेंबासारखे ठिपके. आपल्या सह्याद्रीतला रानकोंबडा! लहानपणी पहाटे आजोळच्या रानातून त्याची बांग ऐकलेली. दुकानातला माल तिथेच पैदास केलेल्या पक्ष्यांचा होता, पण एका मानेची किंमत माझ्या आठवड्याच्या किराण्याहून जास्त. आपल्याकडे त्याला 1972 च्या कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा रानात जाऊन फुकटचं पीस मिळवायचा विचार कुणी करू नये.

तसं करायची गरजही नाही. हिमाचलात तीर्थन नदीवर मत्स्यखात्याचा परवाना काढून ट्राउट धरायला आपली मंडळी जातात. त्यांनी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वितभर तार आणि स्वेटरची उरलेली करडी लोकर घ्यावी. चिकनवाल्याकडे तपकिरी पिसं मिळतातच, साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.

आता पैसे वाचतात का? खरं सांगतो, चाळीस पौंडांची ती पेटी धरली तर मला दोन वर्षं लागली बरोबरी व्हायला. फायदा वेगळाच झाला. मोठा मासा नेहमी अडचणीत असतो, मुळांच्या जाळ्यात, पडलेल्या फांदीखाली. दीड पौंडाची माशी मी तिथे कधी टाकलीच नाही. उघड्या पाण्यात टाकायचो, जिथे काहीच नसायचं. झुरळासारखी ती पहिली माशी गेली असती तरी दहा पेन्सचा गळ गेला असता. म्हणून आल्डरच्या मुळांत सरळ सोडली. पहिल्यांदा अडकली, तुटली. दुसरी सोडली. तीही गेली. तिसरीला दोर थांबला, मी अडकली समजून ओढला, आणि मुळं हलायला लागली.

ती वीस पाकिटं? मुलीच्या शाळेत पक्ष्यांचं नाटक होतं. पोपट फार छान झाला.