कुलूप न काढता केलेला हिशेब

पगारपत्रक, गिऱ्हाइकांची उधारी, कुठल्या मालावर किती पैसे सुटतात... धंद्याची ही गुपितं परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवायची का, ही धास्ती गूगल-अ‍ॅमेझॉनच्या आधीपासूनची आहे. १९७८ मध्ये रॉन रिव्हेस्ट, लेन अ‍ॅडलमन आणि मायकेल डर्टूझोस यांनी एका निबंधात नेमकी हीच अडचण मांडली. त्यांचं उदाहरण होतं कर्ज देणाऱ्या एका छोट्या कंपनीचं. तिच्या नोंदी भाड्याच्या कॉम्प्युटरवर. त्या कुलूपबंद करून ठेवता येतील, पण सरासरी कर्ज किती, एवढं काढायचं तरी कुलूप उघडावं लागणार! तेवढा वेळ सगळी भिस्त कॉम्प्युटरवाल्यांच्या शब्दावर. तिघांनी विचारलं: कुलूप न काढताच हिशेब झाला तर?

अशक्य वाटतं ना? कागद-पेन्सिल घ्या. आपलं कुलूप असं: संख्येचा घन करायचा, ३३ ने भागायचं, बाकी तेवढी ठेवायची. २ चे झाले ८. ४ चा घन ६४, बाकी ३१. कंपनीच्या हाती फक्त ८ आणि ३१. तिने त्यांचा गुणाकार केला, २४८. ३३ ने भागून बाकी १७. आता किल्ली आपली: १७ चा सातवा घात करा, ३३ ने भागा. बाकी उरते ८. म्हणजे २ गुणिले ४! गुणाकार कंपनीने केला आणि कशाचा केला हे तिला कळलंच नाही. मला हे दर वेळी नव्याने थक्क करतं.

खरी कुलपं सहाशेहून अधिक आकडी संख्यांची असतात. पण या जातीच्या कुलपात गुणाकार जमतो, बेरीज नाही. दोन्ही, आणि हव्या तितक्या वेळा, जमायला २००९ उजाडलं.

स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणाऱ्या क्रेग जेंट्रीच्या पद्धतीत आकडा लपवताना त्यात मुद्दाम थोडी चूक मिसळतात. प्रत्येक क्रियेबरोबर ती वाढत जाते आणि शेवटी खरा आकडा हाती लागत नाही. जेंट्रीने हेरलं की कुलूप उघडणं हीसुद्धा आकडेमोडच आहे. मग तीही कुलपाआड का करू नये? त्याने बंद आकडा दुसऱ्या कुलपात घातला, पहिल्याची किल्लीही तिथेच बंद करून दिली आणि पहिलं कुलूप आतल्या आत उघडवलं. साचलेली चूक गेली, नवी थोडीशीच आली. बाहेर कुणाला काहीच दिसलं नाही. सुरुवातीला अशा एका सफाईला अर्ध्या मिनिटापासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागे.

आजही ही पद्धत साध्या हिशेबापेक्षा फार संथ आहे, म्हणून बहुतेक धंद्यांचा डेटा अजून उघडूनच वापरला जातो. पण सुरुवात झाली आहे. २०२४ पासून आयफोनमध्ये अनोळखी कॉल कुणाचा हे शोधायची एक सोय अशीच चालते. नंबर कुलूपबंद होऊन सर्व्हरकडे जातो. कुठली नोंद हवी हे सर्व्हरला कळत नसल्यामुळे तो नोंदींच्या अख्ख्या गठ्ठ्यावर आकडेमोड करतो आणि बंद उत्तर परत पाठवतो. ते उघडणारी किल्ली फक्त तुमच्या फोनमध्ये असते.