नोटांच्या कागदाची मूलावस्था
संग्रहातील चलनी नोटेचा कागद ती चलनात आली त्या वेळच्या स्थितीत आहे, की धुणे, दाबणे, खळ देणे, दुरुस्ती इ. उपचारांनी बदलला आहे, हे ठरविण्याची परीक्षा नोटांच्या संग्रहशास्त्रात महत्त्वाची मानतात. नोटेचा अस्सलपणा ही याहून वेगळी बाब होय; सरकारी मुद्रणालयात छापलेली खरी नोटही या कसोटीस उतरेलच असे नाही.

नोटांचा कागद मुख्यत्वे कापसाच्या तंतूंपासून करतात व त्याच्या पृष्ठभागास जिलेटीन किंवा तत्सम पदार्थाची खळ देतात. भारतात नोटांची छपाई नासिक येथे १९२८ मध्ये सुरू झाली, तर होशंगाबाद (सध्याचे नर्मदापुरम्) येथील नोटांच्या कागदाचा कारखाना १९६८ चा आहे. खळीमुळे कागद ताठ राहतो व हाताळताना खडखडतो. धुतल्यास ही खळ कमी होऊन कागद लुळा पडतो. तो दाबून सपाट केला वा त्याला नव्याने खळ दिली, तरी मूळ पोत परत येत नाही.

परीक्षेत प्रथम तिरप्या प्रकाशात पृष्ठभाग पाहतात. दाबून लपविलेल्या घडीवर तुटलेल्या तंतूंची व उडालेल्या शाईची रेषा दिसते. उत्कीर्ण मुद्रणातील शाईचा उठाव दाबामुळे सपाट होतो. मात्र सर्वच नोटा या पद्धतीने छापलेल्या नसतात. उदा., १९९६ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी मालिकेत असे मुद्रण २० रुपये व त्यावरील नोटांवर आहे, १० रुपयांच्या नोटेवर नाही. पारगत प्रकाशात जलचिन्हाबरोबरच विरळ झालेले भाग, बुजविलेली छिद्रे व चिकटविलेल्या चिरा उघड होतात. जंबुपार किरणांत नोटेचा कागद सामान्यतः निस्तेज दिसतो. धुण्याच्या चूर्णातील प्रकाशीय शुभ्रकारक त्यात राहिल्यास तो निळसर उजळतो. सुरक्षा-तंतू व क्रमांकाची शाई यांचे अनुस्फुरण मात्र मूळचेच असू शकते.

प्रत्येक खूण दोषाची नसते. भारतीय बँकांत नोटांच्या गड्ड्यांना तारेचे टाके मारीत. रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये ही पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. त्यापूर्वीच्या कोऱ्या नोटेवरील अशी छिद्रे वितरणाच्या वेळचीच असतात. ती बुजविणे म्हणजे मूलावस्था बिघडविणे होय. एकोणिसाव्या शतकातील एका बाजूस छापलेल्या नोटा सुरक्षिततेसाठी दोन भागांत कापून वेगवेगळ्या टपालाने पाठवीत व नंतर जोडीत. तो जोडही तत्कालीन वापराचाच पुरावा होय.

आंतरराष्ट्रीय व्यवहारात नोटेची प्रत ७० अंकांच्या श्रेणीत ठरवितात. अमेरिकेतील एका प्रमुख प्रमाणन संस्थेच्या नियमानुसार ६५ वा त्याहून वरची श्रेणी मिळण्यास कागद मूलावस्थेत असावा लागतो. त्यामुळे घडीची नोट कोरी भासवून विकण्याचा मोह निर्माण होतो व त्यात नवख्या संग्राहकाची फसगत होते. तुकडे पडू लागलेल्या दुर्मिळ नोटेचे जतन आवश्यक असते. परंतु तो उपचार विक्रीच्या वेळी सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य ठरते. घडी पडलेली पण उपचार न केलेली नोट धुऊन चकचकीत केलेल्या नोटेपेक्षा जाणकार अधिक मोलाची मानतात.