आले की येणार?

प्रौढ वर्गात शिकणाऱ्या एका बाईंची ही गोष्ट आहे. त्यांच्या मोबाईलवर बँकेचा संदेश आला. संदेश इंग्रजीत होता. पुतण्याने तो वाचला. ‘क्रेडिटेड’ म्हणजे जमा, एवढे त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, “काकू, पैसे आले!”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मजुरी बुडवली. एस.टी.ने तालुक्याला गेल्या. खिडकीवरचा कारकून म्हणाला, “बाई, पैसे अजून जमा झालेले नाहीत. इथे ‘विल बी क्रेडिटेड’ लिहिले आहे. म्हणजे जमा होतील.”

‘विल’ हा एक लहान शब्द वाचायचा राहिला आणि सबंध दिवस फुकट गेला.

काम होऊन गेले, आता चालू आहे, की पुढे होणार, हे क्रियापद सांगते. यालाच व्याकरणात काळ म्हणतात. ‘आले’ हा भूतकाळ. ‘येतात’ हा वर्तमानकाळ. ‘येतील’ हा भविष्यकाळ. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. आईच्या मांडीवर बसून आपण ते शिकलो.

‘परवा’ हा शब्द घ्या. परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस आणि उद्याच्या नंतरचाही दिवस. मग समजते कसे? ‘परवा बाजारात गेलो’ आणि ‘परवा बाजारात जाईन’. क्रियापद ऐकले की दिवस कळतो.

पण बोलताना आपण काळाची थोडी ओढाताणही करतो. घरातून कोणी हाक मारली, की आपण अंगणातून ओरडतो, “आलो, आलो!” खरे तर आलेलो नसतो. ‘उद्या पैसे देतो’ असे म्हणतो. देणार उद्या, पण शब्द आजचा. बोलताना हे चालते, कारण माणूस समोर असतो.

इंग्रजीत अशा वेळी जपावे लागते. ‘आलो, आलो’ असे सांगताना तिथे ‘आय केम’ म्हणत नाहीत. ‘आय ॲम कमिंग’ म्हणतात, म्हणजे ‘मी येत आहे’.

आता ‘पे’ हा शब्द पाहू. ‘पे’ म्हणजे पैसे देणे.

आय पेड – मी पैसे दिले.
आय हॅव पेड – मी पैसे दिले आहेत.
आय विल पे – मी पैसे देईन.

पहिल्या दोहोंत पैसे देऊन झाले. मग फरक कोणता? ‘हॅव’ आजच्या स्थितीकडे बोट दाखवतो. पैसे दिले आहेत, आता बाकी नाही. पण ‘येस्टरडे’ म्हणजे ‘काल’, असा गेलेला दिवस सांगितला, की ‘हॅव’ लावत नाहीत. मराठीत ‘मी काल पैसे दिले आहेत’ हे चालते. इंग्रजीत मात्र ‘आय पेड येस्टरडे’ एवढेच म्हणायचे.

बँकेच्या संदेशातही हेच पाहावे. ‘हॅज बीन क्रेडिटेड’ किंवा ‘इज क्रेडिटेड’ म्हणजे जमा झाले. ‘विल बी क्रेडिटेड’ म्हणजे जमा होतील. ‘क्रेडिटेड’च्या जागी ‘डेबिटेड’ असेल तर पैसे खात्यातून वजा झाले किंवा होतील. आणि संदेश खोटाही असू शकतो. म्हणून खरी खात्री पासबुकात नोंद पाहूनच करावी.

आता आपल्या मराठी कागदाकडे वळू. तिथेही काळ नीट लिहावा लागतो. ‘परवा दोन हजार रुपये देतो’ अशी चिठ्ठी लिहिली. ती महिन्याने वाचली, तर परवा म्हणजे कोणता दिवस? त्यापेक्षा ‘दिनांक १० जून रोजी दोन हजार रुपये देईन’ असे लिहावे. पुढे वर्षही घालावे. ‘काल’ आणि ‘उद्या’ रोज पुढे सरकतात. तारीख जागची हलत नाही.

पावती करताना तर फारच जपावे. ‘रुपये मिळाले’ असे छापलेले असते आणि कोणी म्हणतो, “सही करा, पैसे उद्या देतो.” तोंडचा शब्द उद्याचा आणि कागदावरचा शब्द कालचा! पुढे भांडण झाले, तर आधी कागद पाहतात. म्हणून पैसे हाती पडून मोजून होईपर्यंत ‘मिळाले’ या शब्दाखाली सही करू नये आणि अंगठाही देऊ नये.

आपण वाचायला शिकलो ते यासाठीच. आकडा तर सगळेच पाहतात. आपण आकड्याबरोबर क्रियापदही पाहू.

करून पाहा

१. ‘विल बी डेबिटेड’ असा संदेश आला. पैसे गेले, की जाणार?
२. ‘मी काल बिल भरले’ हे इंग्रजीत सांगताना ‘हॅव’ लावाल का?
३. ‘उद्या बियाणे आणतो’ हे वाक्य तारीख घालून नीट लिहा.