करमणुकीवर गाव तरते काय?

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभ्या राहतात. आज मी आपणांस नेणार आहे ते आयोवा राज्यातील मेसन सिटी या गावी. भोवताली मक्याची अफाट शेते आणि वस्ती म्हणाल तर आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाइतकी. १९६० साली येथे ३०,६४२ माणसे होती. २०२० च्या शिरगणतीत ती २७,३३८ भरली. सिमेंट, विटा आणि मांस यांच्या कारखान्यांवर हे गाव पोसले. पैकी मांसाचा मोठा कारखाना १९७५ साली बंद पडला. अशा गावाने काय करावे?

या गावापाशी एक निराळे भांडवल होते. संगीतकार मेरेडिथ विल्सन येथे १९०२ साली जन्मला. त्याचे 'द म्यूझिक मॅन' हे संगीत नाटक १९५७ साली ब्रॉडवेवर आले व गाजले. त्यात एक ठक विक्रेता गावात येतो, पूलच्या टेबलाने तुमची पोरे बिघडणार अशी भीती घालतो, आणि त्यावर तोडगा म्हणून मुलांच्या बँडची वाद्ये व गणवेश लोकांच्या गळ्यात मारतो. गावाला फसविणाऱ्या या नाटकाच्याच नावाने गावाने २००२ साली 'म्यूझिक मॅन स्क्वेअर' उभारला! चित्रपटातील जुनी पेठ तेथे छपराखाली वसविली आहे.

दुसरे भांडवल फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुकाराचे. त्याने योजलेली पेढी आणि तिला लागून असलेले हॉटेल १९१० साली उघडले. पेढी १९२१ साली बुडाली. पुढे तिच्या भिंती फोडून दुकाने काढण्यात आली, आणि १९७२ साली हॉटेलही बंद पडले. ते पाडले गेले नाही हे नशीबच, कारण राइटने बांधलेल्या हॉटेलांपैकी जगात आज एवढेच उरले आहे. नागरिकांच्या संस्थेने चिकाटीने निधी जमवून २०११ साली ते पुन्हा चालू केले.

आता खऱ्या पेचाकडे वळू. भर पेठेत १९८५ साली बांधलेला बाजार-मॉल पुढे मोठी दुकाने सोडून गेल्याने रिकामा पडू लागला. तेव्हा योजना निघाली ती अशी : एका मोठ्या दुकानाच्या रिकाम्या जागेत बर्फाचे क्रीडागृह करावे आणि म्यूझिक मॅन स्क्वेअरसमोर नवे हॉटेल बांधावे. पैसा कोठला? आयोवा राज्याच्या २०१३ च्या कायद्यात मोठी खुबी आहे. ठरवून दिलेल्या टापूत नव्या उद्योगांमुळे जो जादा विक्रीकर व हॉटेलकर जमतो, त्याचा काही भाग राज्य त्या गावालाच परत देते. परंतु ग्यानबाची मेख येथेच आहे. आधी खर्च, मग कर, मग परतफेड! हॉटेल उभे राहिले नाही तर परत यावयाचे काय? कर्जाचा बोजा मात्र घरपट्टी भरणाऱ्याच्याच माथी.

नोव्हेंबर १९१७ नव्हे, २०१७ मध्ये (वर्षांची गल्लत क्षमा करावी, या गावात गेले की मन जुन्या काळात जाते) नागरिकांनी मतदानाने योजनेला कौल दिला. क्रीडागृह २०१९ च्या डिसेंबरात उघडले व तेथे हॉकीचे सामने होऊ लागले. हॉटेलचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात कित्येकांना नाटकातला तो बँडवाला आठवला असेल, तर त्यांना दोष कोण देईल? तरी मला वाटते, मत मागून कर्ज काढणारी नगरपालिका ही ठकापेक्षा निश्चित बरी. निदान लोकांना आपण कशावर सही करीत आहोत हे ठाऊक असते.

येथून पश्चिमेस सुमारे दहा मैलांवर क्लिअर लेक नावाचे लहानसे गाव आहे. तेथील सर्फ बॉलरूम हे नृत्यगृह १९४७ साली जळाले आणि १९४८ साली पुन्हा बांधले गेले. २ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री बडी हॉली हा तरुण गायक तेथे गायला, आणि काही तासांतच मेसन सिटीच्या विमानतळावरून निघालेले त्याचे विमान कोसळले. १९७९ पासून त्याच्या स्मरणार्थ तेथे थंडीत उत्सव भरू लागला. गोठलेल्या तळ्याकाठी, हाडे फोडणाऱ्या गारठ्यात माणसे येतात आणि त्याच जुन्या लाकडी जमिनीवर नाचतात.