सुईची जागा आणि दाव्याची मुदत

लस टोचून घेतल्यावर दंड दोनतीन दिवस ठणकतो व मग निवतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, ज्याला महिने लोटले तरी केस विंचरण्यापुरताही हात वर नेता येत नाही, अशा माणसाची तक्रार पुष्कळदा वैद्यांनाही अतिशयोक्त वाटते. वास्तविक या पीडेचे मूळ लशीच्या घटकांपेक्षा सुईच्या जागेत असते. खांद्याच्या टोकाचे हाड व त्यावरून उतरणारा डेल्टॉइड स्नायू यांच्याखाली, घर्षण टाळण्यासाठी निसर्गाने योजिलेली बर्सा नावाची पातळ पिशवी असते. हाडाच्या टोकापासून दोनतीन बोटे खाली द्यावयाची लस त्याहून वर दिली गेली, तर ती या पिशवीत उतरू शकते, आणि जी प्रतिकारशक्ती जागवावी हाच लशीचा हेतू, तीच तेथे दाह पेटविते.

अमेरिकेत 1986 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भरपाई-निधीच्या कोष्टकात मार्च 2017 पासून या इजेचा समावेश आहे. लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांना प्रतिबंध करते त्या प्रत्येकामागे 75 सेंट कर घेऊन हा निधी भरतात. अर्जदाराला कोणाचा हलगर्जीपणा शाबीत करावा लागत नाही, ही या व्यवस्थेतील मला सर्वांत न्याय्य वाटणारी गोष्ट. वेदना 48 तासांच्या आत सुरू झाली, खांदा पूर्वी निरोगी होता, दुखणे त्याच खांद्यापुरते आहे, त्याला दुसरे कारण नाही आणि ते सहा महिन्यांहून अधिक टिकले, एवढे मात्र दाखवावे लागते. म्हणूनच पहिल्या भेटीत डॉक्टरांच्या टिपणात दुखण्याची तारीख नोंदवून घेणे अगत्याचे आहे; ‘बरे होईल’ म्हणून महिनोन्‌महिने सोसणाऱ्याच्या हाती दाव्याच्या वेळी दाखला उरत नाही. पहिल्या लक्षणापासून तीन वर्षे ही मुदत आहे.

दोष टोचणाऱ्याचा, लशीचा नव्हे, या युक्तिवादाने जानेवारी 2021 मध्ये ही इजा कोष्टकातून वगळण्याचा नियम झाला व एप्रिलमध्ये तो रद्द झाला, हे योग्यच झाले. सरकारच्या शिफारशीवरून दंड पुढे करणाऱ्याने सुई व लस यांची फारकत करीत बसावे, अशी अपेक्षा कशी धरावी? पण कोविडच्या लशीने तोच खांदा, तसाच, दुखावला, तर दावा दुसऱ्याच योजनेकडे जातो. तेथे मुदत लस घेतल्या दिवसापासून अवघी एक वर्षाची, आणि वेदनेचा मोबदला वा वकिलाचा खर्च, दोन्ही मिळत नाहीत.